पिशवी काढून औषध टाका

सकाळी पंचफुला मोरीत कोळसा धूत होती. काळं पाणी संपता संपत नव्हतं. तिचा नवरा देवमन धुतलेला कोळसा जुन्या मच्छरदाणीच्या चिमुकल्या पिशव्यांत भरून तोंडं शिवत होता. घराघरांतल्या माशांच्या टाक्या राखायच्या, हा त्याचा धंदा. फिल्टरमध्ये आधी स्पंज, त्याच्यामागे ही पिशवी. पाण्यातला पिवळेपणा, वास, सगळं कोळसा ओढून घेतो. भातकुलीहून अकोल्याला आल्यावर नऊ वर्षांत एकाच कॉलनीत अकरा टाक्या मिळाल्या होत्या, त्याही एकीनं दुसरीला सांगून.

दार धाडधाड वाजलं.

दारात त्याच कॉलनीतल्या मायाताई. हातात श्रीखंडाचा रिकामा डबा, डब्यात मेलेला गोल्डफिश.

"पाह्य! तुह्या नकली औषधानं मेला."

"नकली नाही जी, ताई..."

"चूप राह्य! काल सकाळी टाकलं तं पाणी निळंशार. संध्याकाळी पांढरंफटक! रंग इकून राहिला काय? आता कॉलनीच्या ग्रुपवरच टाकते. अकराही घरं बंद होतात का नाही, पाह्य."

देवमनची सुई थांबली. रंग उतरला, म्हणजे कोळसा आतच होता.

"ताई, फोनवर सांगतलं होतं न, पिशवी काढून औषध टाका म्हणून?"

"मंग? काढलीच न!" मायाताईंनी पर्समधून औषधाची फाडलेली पिशवी काढून त्याच्या अंगावर फेकली. "पिशवीसकट टाकाले मी येडी हाओ काय?"

पंचफुलानं हसू दाबायला तोंड मोरीकडे फिरवलं. देवमनला मात्र हसू आलं नाही. त्याच्या घरात पिशवी म्हणजे एकच. दुसऱ्यांच्या घरी पिशव्या छप्पन असतात, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"ही नाही, ताई. ती काळी, फिल्टरातली. कोळशानं औषध पिऊन टाकलं."

"आता माह्यावरच ढकल! मले मराठी शिकवून राहिला!" त्यांचा अंगठा मोबाइलवर चालू लागला.

देवमननं हात जोडले नाहीत.

"लिहा, ताई. माह्या नावानंच लिहा. पण बाकीच्या घरीबी मासे बिमार हायेत, त्याइलेबी मी हेच औषध देलं अन् असंच सांगतलं. फक्त कोणती पिशवी काढाची, तेवढं लिहा."