सुजाताचं अर्धं ताट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, आईलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी हैदराबादेत, कुकटपल्लीत राहते. तिथून बसने तासभर बाहेर गेलं की एक गाव लागतं, तिथल्या सरकारी शाळेत गणित शिकवते. आम्ही मूळचे नांदेडकडचे. मराठी आता घरापुरतीच उरलीय. म्हणून पाचवीतल्या एका मुलीने "मॅडम, तुमी आमच्याकडच्या हाव का?" असं विचारलं, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

ती सुजाता. देगलूरकडून आलेल्या मजुरांची पोर आणि — जाड. खूप जाड. गरिबाचं लेकरू हडकुळंच असणार, असं आपण धरून चालतो ना? मीही तसंच धरून चालले होते. खेळाच्या तासाला ती सगळ्यांच्या चपला सांभाळत बसायची.

तिची आई एका कारखान्यात चिप्सची पाकिटं भरायची. नीट न चिकटलेली पाकिटं कामगारांना मिळत, ती पिशवीभर घरी येत. आईबाप अंधार पडल्यावर परतायचे. तोवर पोरगी तेच खायची. सकाळी चहाबिस्कीट. शिजलेलं, गरम अन्न तिला मिळायचं ते फक्त शाळेत, दुपारी. हे तिनेच मला सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत होतं. तरीही —

शाळेत वजन-उंची मोजायला माणसं यायची होती. सुजाता काट्यावर उभी राहील, मुलं हसतील, पाहुणे विचारतील, शाळेत काय खाऊ घालता हिला? मला त्या विचारानेच लाज वाटू लागली. जेवण शिजवणाऱ्या यादम्माला मी बाजूला घेतलं. "उसको आधाच डालो. फिर मांगी तो नक्को बोलो."

"बच्ची है मॅडम, भूकी रहती," ती म्हणाली.

"मैं बोल रही ना!"

यादम्माने ऐकलं. अर्धा डाव भात, वर थोडा पप्पू, म्हणजे वरण. पहिल्याच दिवशी सुजाता आणखी मागायला ताट धरून उभी राहिली, तेव्हा यादम्मा तिला म्हणाली, "मॅडम बोले." ते मी व्हरांड्यातून ऐकलं. थांबवलं का? नाही. काही आठवड्यांनी पोरगी प्रार्थनेच्या रांगेत चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्तच नाही. एवढ्या जाड मुलीच्या अंगात!

दुसऱ्या दिवशी तिची आई कामावर खाडा करून, सुजाताला घेऊन आली. हेडमास्तरांना मराठी येत नव्हती, म्हणून त्यांनी मला बोलावलं — तिचं बोलणं तेलुगूत सांगायला.

"मॅडम, माझ्या लेकराला अर्धंच वाढायलेत म्हणं. कुणी सांगितलं तसं?"

तिने एवढंच विचारलं होतं. आणि मी हेडमास्तरांना काय सांगितलं? यादम्मा मुद्दाम पोरीला कमी वाढते, अशी हिची तक्रार आहे.

यादम्मा दारातच उभी होती. "आपच बोले ना मॅडम?"

"मैं? मैं कब बोली?"

सगळे सुजाताकडे बघायला लागले. विचारायचं मलाच होतं, मराठीत. मी विचारलं, "सुजाता, मी कधी असं सांगितलं का गं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नाही मॅडम."

भीतीने म्हणाली? की मी तिच्याकडची होते, म्हणून? मला आजही कळलेलं नाही.

यादम्माला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तिच्या घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं, हेही मला माहीत होतं. नवी बाई भरपूर वाढायची, पण सुजाता ताटावर हात आडवा धरायची. एकदा मी स्वतः डाव हातात घेतला. "बास मॅडम," म्हणाली. मग वर्गाच्या मागे जाऊन तिने दप्तरातलं पाकीट फोडलं. मी तिथेच डाव धरून उभी.

वर्ष संपलं आणि ते कुटुंब गाव सोडून गेलं. कुठे गेलं, मी विचारलं नाही. यादम्माचं घर शाळेपासून दोन गल्ल्यांवर आहे. मी तिकडून जात नाही.

मी अजून तिथेच शिकवते. यादम्मा खरं बोलत होती. अर्धं वाढायला मी सांगितलं होतं.