संध्याकाळच्या गोळीनं बाबांचं अंग का पेटायचं

"कोलेस्टेरॉल वाढलंय," वाशीच्या डॉक्टरांनी बाबांना सांगितलं. कोलेस्टेरॉल म्हणजे रक्तातला चरबीसारखा पदार्थ. फार झाला की रक्तवाहिन्यांत आतून थर धरतो. त्यांनी निकोटिनिक अ‍ॅसिडच्या गोळ्या लिहून दिल्या, सकाळ-संध्याकाळ. माझं लक्ष टेबलावर होतं. पेनस्टँड, कॅलेंडर, पेपरवेट, सगळ्यांवर एकाच औषध कंपनीचं नाव. गोळीच्या बाटलीवरही तेच.

या कंपन्या लोकांच्या आजारांवर कशा पोसल्या जातात, याची पत्रकं मी तुर्भ्याच्या कारखान्यांच्या गेटवर वाटलेली. तरी तिथे बोलले नाही. बाबांचे थोरले भाऊ छातीच्या दुखण्यानंच गेले होते, आणि आता जिना चढताना बाबांच्याही छातीत कळ यायची.

सुरुवातीला काही झालं नाही. मग आषाढ पौर्णिमेला वर्षावास, म्हणजे बौद्धांचा पावसाळ्यातला तीन महिन्यांचा साधनेचा काळ, सुरू झाला. बाबांनी तिन्ही महिने अष्टशील, म्हणजे उपासकाचे आठ नियम, पाळायचं ठरवलं. दुपारी बाराच्या आत जेवण, नंतर फक्त पाणी.

त्याच आठवड्यात, संध्याकाळच्या बुद्धवंदनेला बसलेले असताना त्यांचा चेहरा, कान, मान तांबडीलाल झाली. "पोरी, भट्टीम्होरं बसल्यागत होतंय," ते म्हणाले. शेजारचे काका हसले, "दादा, एवढ्यात तेज चढलं?" बाबा उठायला गेले आणि भोवळ येऊन खाली बसले. मग कोणी हसलं नाही.

हे रोजच होऊ लागलं. मी बाटली कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. आईला पटलं. काही दिवसांनी बाबा म्हणाले, "तुझं पत्रक खरं असंल. पन माझ्या थोरल्या दादाला गोळी मिळालीच नव्हती."

मी कपाटाचं कुलूप काढलं. बाटली घेऊन आम्ही पुन्हा दवाखान्यात गेलो. तासभर बाकावर बसलो. ही गोळी अंग का जाळते, असं मी आत जाताच विचारलं. डॉक्टर माझ्याकडे न बघता बाबांना म्हणाले, "संध्याकाळी जेवून घेता ना?"

"बारानंतर जेवत न्हाई, डॉक्टर. शील घेतलंय."

"मग मला सांगायचं नाही?"

"तुम्ही इचारलं कुठं?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. याला फ्लशिंग म्हणतात, त्यांनी समजावलं. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंग तापतं, आणि उपाशीपोटी ते जास्त होतं. मी विचारलं, अजून काय विचारायचं राहिलंय? त्यांनी जुने आजार विचारले. बाबांना तरुणपणी गावी कावीळ झाली होती. हे औषध यकृताला त्रास देऊ शकतं, म्हणून आधी लिव्हर फंक्शन, म्हणजे यकृताच्या कामाची रक्ततपासणी झाली. ती नीट आली. मधे खंड पडला होता, म्हणून गोळी पुन्हा कमी मात्रेनं सुरू केली, तीही फक्त बाराच्या आतल्या जेवणानंतर.

तुमच्या घरात अशी गोळी आली तर संशय जरूर घ्या. पण तो कपाटात कोंडू नका, डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवा. उपास, जुनी कावीळ, दुसरी औषधं, सगळं सांगा, न विचारता.

डॉक्टरांच्या टेबलावर अजून त्याच कंपनीचं कॅलेंडर आहे, आणि त्याकडे बघून माझ्या कपाळाला अजून आठी पडते. पण आता बाबा आत शिरले की नाडी धरण्याआधी डॉक्टर विचारतात, "काय दादा, शील चालू आहे का?"