झाडियमची टकटक

करणी, भानामती, अंगात येणं — यांच्याविरुद्ध मी स्वतः पत्रकं वाटते. त्यामुळे हे लिहिताना माझा मलाच राग येतोय... पण घडलं ते लपवणार नाही.

गेल्या वर्षी रशियातली अणुभट्टी फुटल्याची बातमी आली आणि जो तो किरणांवर बोलू लागला. लोक किती पटकन फसतात हे दाखवायला मी पत्रकात एक किरणोत्सारी मूलद्रव्य रचलं — 'झाडियम', आपल्या झाडीपट्टीवरून! रंग हिरवा. धानाला कीड लागू देत नाही, माठात ठेवून पाणी प्यालं की खोकला जातो. धोका — दात गळतात. ओळख — किरणं मोजायच्या यंत्राजवळ तीनदा टकटक, थांबून पुन्हा तीनदा. आणि मागच्या बाजूला ठळक अक्षरांत : 'हे सगळं खोटं आहे. फसलात ना?'

सावली तालुक्यातल्या आमच्या गावानं ते पत्रक भाताच्या पेजेनं घरोघरी चिकटवलं. मागची बाजू भिंतीला!

शेजारच्या मैनाबाई तलावात मासे धरतात. त्यांना क्षय. जाळ्यात आलेला हिरवा गोटा त्यांनी माठात टाकला आणि दवाखान्याच्या गोळ्या बंद. थुंकीतून रक्त पडत होतं, तरी!

कॉलेजच्या सरांकडून यंत्र मागून आणलं आणि भर दुपारी त्यांची ओसरी गाठली.

"मैनाबाई, झाडियम नाहीच. मी रचलं. यंत्र गप्प राहते का नाई पाहा."

"अन् दात गळतात म्हणून भेव दाखवतेस?" त्यांनी बोळकं उघडलं. "हायेत कुठी?"

अधूनमधून एखादी टक सोडली तर यंत्र गप्पच होतं. गोट्याजवळ नेलं — टक-टक-टक. थांबलं. टक-टक-टक.

पाचदा नेलं. पाचही वेळा तेच!

"तुले तं खोटंबी धड लिवता येत नाई, पोरी." हसता हसता त्या खोकल्या, पदराला लाल डाग पडला. डागाकडे बघत म्हणाल्या, "तुह्यं खोटं एवढं खरं निंगलं, तं खरं केवढं खरं असन! आण त्या गोळ्या."

मी धावतच गेले.

गोटा माठातून काढायला लावला, सरांकडे नेला. तिथं यंत्र गप्प. सरांनी यंत्र तपासलं, ठणठणीत. गोटा परत ओसरीवर ठेवला — टक-टक-टक.

मैनाबाईंचा खोकला आता थांबलाय. गोळ्यांनी — हे ठासून लिहिते. टकटक कशानं, ते ना सरांना कळलं, ना मला.

हे नवं पत्रक मात्र एकाच बाजूला छापलंय. चिकटवा खुशाल.