राखणदाराच्या नावावर

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. घरात कोणी मुळगावच्या त्या खाणीचा विषय काढला की मी उठून बाहेर जायचो. आज तिथे नुसतं हिरवं पाणी आहे. तरी लोक बजावतात, तिकडे फिरकू नका, राखणदार माणूस ओढतो. पुढे तिथे एक म्हैस बुडाली, एक ट्रक घसरला, तेही त्याच्याच नावावर गेलं. गावाची राखण करणाऱ्या त्या देवाने कोणालाही ओढलेलं नाही. ती आवई माझ्या तोंडून निघाली.

मी त्या खाणीवर हजेरी घ्यायचो. घटकराज्य अजून व्हायचं होतं आणि राजभाषा कोकणी की मराठी हा वाद पेटला होता. आम्ही मराठीवाले. रविवारी देवळासमोर सभा ठरली आणि मांडवाला बांबू कमी पडले. खाणीच्या काठाला बांबूंचा कठडा होता. त्यातले सहा मी शनिवारी सोडवून नेले. सोमवारी परत बांधू म्हटलं. सोमवारचा दिवस सभेच्या गप्पांत गेला. धुक्यात कठडा चाचपत चालायची सगळ्यांना सवय होती. मंगळवारी सकाळी बेळगावकडचा एक मजूर तसाच येत होता. जिथे बांबू नव्हते, तिथून तो खाली गेला.

प्रेत वर काढलं तेव्हा त्याच्या एका पायात चप्पल होती. तो पडला तिथून दोन पावलं पुढे काठावर राखणदाराचा दगड आहे; तिथवर तो पोचलाच नव्हता. त्याच्यासमोरून जाताना वहाणा काढायच्या, ही इथली रीत.

"पडलो कसो रे हो?" मुकादमाने विचारलं.

"चपला घालून गेला असणार," मी म्हणालो.

"तरीच! जागा कडक आसा. भायल्यांक सांगून कळता खंय!"

कोणी कठड्याकडे पाहिलंच नाही. गर्दी पांगल्यावर मी बांबू परत बांधले.

तिसऱ्या दिवशी त्याची बायको नारळ आणि विडीचं बंडल घेऊन माझ्याकडे आली. "साहेब, तुम्हाला हितलं बोलणं येतंय. देवाला सांगा की, माझा मालक अडाणी व्हता. त्यानं मुद्दाम न्हाई केलं."

मी दगडासमोर उभा राहिलो. "या लेकराकडून काय चुकलं असेल ते पदरात घे, महाराजा!" जमलेले म्हणाले, "व्हय महाराजा!" मी नव्याने बांधलेला बांबू धरून ती वाकली आणि तिने दगडासमोर नाक घासलं.

घटकराज्य झाल्यावर वर्षभराने ती डिचोलीच्या बसस्टँडवर भेटली. कायमची गावी निघाली होती. डांबर तापलेलं, आणि तिचे पाय अनवाणी.

"चपला सोडल्या, साहेब. मालकाची चूक कुणीतरी फेडाय नको?" मग म्हणाली, "बाकीच्यांनी आमचा विटाळ धरला. तुम्ही तेवढे उभं राहिला."

"चड गो बाये, हांगाच घर बांदतलें मगो?" कंडक्टर ओरडला.

"सांभाळून जा," मी म्हणालो. बस गेली.

तिच्या गावाचं नाव हजेरीच्या वहीत होतं. पत्र टाकता आलं असतं. पुढे कितीदा कागद घेऊन बसलो. लिहायचं होतं ते एवढंच: बाई, तुझ्या मालकाने देवाचा कसलाही अपमान केला नाही. कठड्याचे बांबू मी सोडवून नेले होते. खोटं मी बोललो. पायात चपला घाल, आणि जमलं तर मला माफ कर.