जिवंत माणसाचा दगड

सातपुड्यातल्या एका गावच्या पोलीस पाटलाने मला फसवले. जिवंत माणसाच्या दिवसकार्याच्या जेवणासाठी त्याने माझ्याकडून गुळाची भेली नेली.

मला सहसा कोणी फसवत नाही. डोक्यावर पाटी घेऊन मी धंद्याला लागलो आणि पुढे अक्कलकुव्याच्या बाजारात डिंक-चारोळी घेऊ लागलो. त्या गावचा एक भिल्ल गडी माझ्यासाठी डिंक गोळा करून आणायचा. सागाच्या चोरीत पोलिसांनी त्याला धरून नेले. काही महिन्यांनी पाटील दुकानात आला.

"शेठ, तुमना गडी जेलमा मरी गया. गावले जेवन देनं पडी."

मी भाव न करता भेली उचलून दिली. आयुष्यात तेवढीच एकदा.

त्यानंतरची होळी झाली आणि माझ्या स्वतःच्या एका दाव्यासाठी मी नंदुरबारच्या कोर्टात गेलो. व्हरांड्याच्या कडेला कैदी उकिडवे बसले होते. त्यांत माझा तो गडी होता. भर उन्हात. मी आधी त्याची सावली पाहिली, मग चेहरा पाहिला.

शिपाई म्हणाला, "याले कवयच जामीन मंजूर व्हयेल शे, शेठ. पन जामीन ऱ्हावाले कोनी येतच नही. कोर्टना मानूस याना गावले जाईसन पाटीलले सांगी उना."

"पाटीलले सांगं?"

"हा. दोनदा."

पाटलाने गावाला तो मेला म्हणून सांगितले होते. मेलेल्याला जामीन राहायला कोण येणार? माझे डोके फिरले. वकिलाशी तिथेच हुज्जत घातली, माझ्या घरपट्टीची पावती मांडली आणि संध्याकाळच्या आत त्याला बाहेर काढले. बाहेर आल्यावर तो एकच बोलला, "माय कशी शे?"

मी त्याला घेऊन डोंगरात गेलो. गावात शिरलो तेव्हा दुपार होती. कुत्री धावत आली आणि त्याच्या पायांशी लोळू लागली. माणसांतले कोणी हलले नाही. हंडे घेऊन येणाऱ्या बायका त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून गेल्या, वाटेत झाड असावे तशा. एकीने चालता चालता आपल्या पोराचे डोळे झाकले.

पाटील ओसरीवर बसला होता. ओसरीला नवे सागाचे खांब लागले होते. मी एका खांबावरून हात फिरवला. लाकडाचा भाव मला कळतो.

"या, शेठ," तो म्हणाला. "एवढा उन्हमा एकलाच उनात का?"

गडी माझ्या खांद्याला खांदा लावून उभा होता.

"हाऊ कोन शे मंग?" मी ओरडलो.

पाटलाने माझ्या शेजारच्या जागेकडे पाहिले. नीट, सावकाश पाहिले. मग मला म्हणाला, "ऊन लागनं तुम्हले. पानी ल्या."

मी आणखी ओरडलो. शिव्या दिल्या. आजूबाजूचे लोक माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले. क्षणभर मलाच वाटले, आपण खरोखर एकटे आलो आहोत. मी त्याचा दंड घट्ट धरला. तो गरम होता.

त्याची आई झोपडीच्या दारात आली. चेहऱ्याकडे तिने पाहिलेच नाही. पायांकडे पाहिले, खूप वेळ. मग आत जाऊन पानावर भात आणला, उंबऱ्याबाहेर जमिनीवर ठेवला आणि पाठ फिरवून दार ओढून घेतले. पितरांसाठी ठेवतात तसा.

तो खाली बसला आणि जेवला. दोन होळ्यांनंतर आईच्या हातचे होते, सगळे संपवले.

परतताना शिवेवर, गावातल्या मेलेल्यांच्या दगडांत, त्याच्या नावाचा दगड दिसला. शेंदूर लावलेला, त्यावर घोड्यावर बसलेला माणूस कोरलेला. त्याने त्या घोड्यावरून बोट फिरवले आणि हसला. "शेठ, मी ते कधी घोडावर बसनूच नही."

तो माझ्या वखारीत राहिला. प्रत्येक तारखेला मी त्याला नेत असे. कोर्टात नाव पुकारले की तो माझ्याकडे बघायचा. 'हजर' मी म्हणायचो. शेवटी गावचे साक्षीदार आले आणि शपथेवर म्हणाले, हा तो नव्हे, तो मेला. ओळख पटली नाही म्हणून तो निर्दोष सुटला. सुटल्याचे मी त्याला समजावून सांगितले तेव्हा त्याने विचारले, "मंग मी कोन?"

त्या पावसाळ्यात तो एका सकाळी वखारीतून निघाला, तो कुठेच पोचला नाही. मी सारंगखेड्याच्या जत्रेपर्यंत शोध केला.

पाटील अजून त्याच ओसरीवर बसतो. भेटला की विचारतो, "शेठ, एकलाच का?" पाटला, मला भेली परत नको. जेलमध्ये तो मेला हे तुला ज्याने सांगितले त्याचे नाव तू गावासमोर, त्याच्या आईसमोर घे. आणि नाव नसेल तर शिवेवर जा आणि तो दगड स्वतःच्या हाताने उपटून काढ.