पाहुणी आली आणि नमस्कार बंद झाला

जिनिंगमध्ये दिवस काढलेल्या माणसाच्या अंगाला कापूस चिकटतो. कितीही झटका, घरी गेल्यावर बायको कानामागून एक पुंजका काढतेच! किस्स्यांचं तसंच असतं. आपण काही गोळा करायला जात नाही, नुसतं एका जागी बसून राहायचं, आपोआप चिकटतात.

मी पस्तीस वर्षं मानवतला जिनिंगमध्ये गाठी मोजल्या. शाळा सातवीपर्यंत, त्यातही सातवी दोनदा. आता काम नाही, म्हणून रोज सकाळी दहाला बालाजीच्या दुकानाबाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसतो. ऑनलाइन फॉर्म, अर्ज, टायपिंग, झेरॉक्स असं ते दुकान. सगळे मला आप्पा म्हणतात. बालाजी मनात काय म्हणतो ते विचारू नका!

तर या दुकानात यंदा नवीन कॉम्प्युटर आला, आणि त्याच्या पोटात बसून एक बाई आली. म्हणजे बाईचा आवाज. आपण बोलायचं, ती ऐकणार, ती लिहिणार. कीबोर्डला बोट लावायचं काम नाही. विकणारा पोरगा परभणीहून आला होता. तो म्हणाला, "ही वेगळी घ्यावी लागत नाही काका, आतच असते."

मी विचारलं, "आन काढायची झाली तर?"

"काढता नाही येत. आतच असते ना!"

बालाजीनं दोनदा बंद करून पाहिली. अपडेट आलं की बाई परत हजर! न बोलावता आली, जा म्हटलं तर जाईना. म्हणून बाकड्यावरच्या आम्ही मंडळींनी तिचं नाव ठेवलं पाहुणी.

हसण्यासारखं होतं, पण एक माणूस हसत नव्हतं. प्रज्ञाताई. बारा वर्षांपासून त्या दुकानात टायपिंगला. पोरगी परभणीला नर्सिंग शिकते, घर या खुर्चीवर चालतं. पाहुणी जात नाही म्हटल्यावर बालाजीनं तिलाच कामाला लावायचं ठरवलं. सगळ्यांसमोर म्हणाला, "ताई, महिनाभर बघू. पाहुणीनं काम उचललं, तर एक तारखेपासून तुमी दुसरीकडं बघा."

ताईंनी कीबोर्ड उलटा करून झटकला, फडक्यानं पुसला आणि म्हणाल्या, "बघा."

* * *

पाहुणीला जागी करायला एक शब्द ठरवावा लागतो. बालाजीनं मोठ्या हौसेनं ठरवला, "नमस्कार." म्हणजे गिऱ्हाईक कसं खूश होईल!

झालं! मानवतसारख्या गावात दुकानात शिरणारा माणूस दुसरं काय म्हणतो? जो येई तो "नमस्कार" म्हणे, आणि आतून पाहुणी, "बोला, मी काय मदत करू?" झेरॉक्सवाला दचके, ताईंचं टायपिंग थांबे. मी तर मुद्दाम तासातासाला दारात मान घालून "नमस्कार!" म्हणायचो आणि बाकड्यावर येऊन साळसूद बसायचो.

चौथ्या दिवशी बालाजीनं फर्मान काढलं. "दुकानात नमस्कार बंद! राम राम म्हणा, जय भीम म्हणा, सलाम म्हणा, नाहीतर नुसते हात जोडा."

मग एक दिवस ऑफिसातले एक साहेब आले. मानी माणूस. नमस्कार मिळाल्याशिवाय बसत नाहीत. ते दारात उभे राहिले आणि आम्ही आठ-दहा जण पटापट उठून, हात जोडून, माना खाली घालून गप उभे!

साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी चपला काढल्या. हळूच माझ्या कानाशी आले, "कोण गेलं?"

मी? नुसता उसासा टाकला!

साहेबही हात बांधून दोन मिनिटं उभे राहिले. मग डोळे टिपत बालाजीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "धीर धरा. येतो मी. नमस्कार."

"बोला, मी काय मदत करू?"

साहेब एक चप्पल दुकानातच ठेवून गेले!

* * *

गावाकडचा एक भाऊ आला. विजेचा डीपी जळून नऊ दिवस झालेले, विहिरीत पाणी आहे पण मोटार बंद, हरभरा वाळायला लागलेला. लाइटच्या ऑफिसला अर्ज द्यायचा होता. बालाजीनं त्याला माइकसमोर बसवलं. "बोल, जसं मनात हाय तसं बोल."

आता मनात होतं तसंच तो बोलला! ते इथं लिहिता येणार नाही. झेरॉक्सला आलेल्या दोन पोरी बाहेर पळाल्या.

पाहुणीनं सगळं ऐकून घेतलं आणि गोड आवाजात म्हणाली, "तुमचा मजकूर थोडा कठोर वाटतो. मी तो सौम्य करू का?"

"सौम्य केल्यावर लाइट येईल का?"

पाहुणी म्हणाली, "मी त्याची खात्री देऊ शकत नाही."

"मंग असू दे कठोर!" म्हणत तो उठला आणि ताईंच्या टेबलापुढच्या स्टुलावर जाऊन बसला.

ताईंनी शिव्या तेवढ्या गाळल्या, राग तसाच ठेवला. कोणती शिवी कुठं बसली होती, ते अर्ज वाचताना बरोबर कळत होतं!

* * *

सरूबाई म्हणजे सत्तरीची म्हातारी. कसलासा फॉर्म भरायला आली. पाहुणीनं नाव विचारलं, तिनं सांगितलं. गाव विचारलं, सांगितलं. मग पाहुणी म्हणाली, "पतीचे पूर्ण नाव सांगा."

म्हातारीनं पदर तोंडाला लावला.

बालाजी म्हणाला, "सांग की आजी."

"तिला म्हणावं, कार्डावर हाय. बघून घे."

"तिला दिसत न्हाई आजी, ऐकूच येतं."

"पतीचे पूर्ण नाव सांगा." पाहुणी परत!

पन्नास वर्षं संसार केला, मालक जाऊन सहा वर्षं झाली, पण म्हातारीनं ते नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती उखडली. "कामून माझ्या मालकाच्या मागं लागलीस गं? आधी तुझ्या मालकाचं सांग!"

पाहुणी शांतपणे म्हणाली, "मला पती नाही."

म्हातारी एकदम गार. "अगं माय! एकटीच हायस व्हय?" तिनं पिशवीत हात घातला, मूठभर भाजलेल्या शेंगा काढल्या आणि कॉम्प्युटरपुढं ठेवल्या. मग बालाजीकडं वळून असा काही डोळा वटारला! "पोरीच्या जातीला सकाळधरनं बडबडायला लावलंय. जरा बसू दे तिला!"

तोवर प्रज्ञाताईंनी म्हातारीच्या हातातलं कार्ड हळूच घेऊन, नाव बघून, फॉर्म भरूनसुद्धा टाकला होता. शेंगा मी खाल्ल्या.

* * *

आता खरी गोम सांगतो. ताईंकडं लोक नुसते टाइप करून घ्यायला येत नाहीत. ताईंच्या कानात सांगायला येतात! स्टूल पुढं ओढायचं, वाकायचं, कुजबुजायचं. भावाची तक्रार, सुनेचं दुखणं, जमिनीचं भांडण. ताईंची बोटं चालत राहतात आणि शेजारच्या माणसाला पत्ता लागत नाही. बारा वर्षांत मी बाकड्यावरून लय कान लावले. एक अक्षर ऐकू आलं असेल तर शपथ!

नामदेव असंच कानात सांगायला आला होता. चुलतभाऊ किसननं त्याच्या शेताचा बांध नांगरानं कोरला होता. पण बालाजीनं त्याला धरून पाहुणीपुढं बसवलं. नामदेव माइकशी कुजबुजला.

"कृपया थोडे मोठ्याने बोला."

त्यानं इकडंतिकडं बघून जरा आवाज चढवला.

"कृपया आणखी थोडे मोठ्याने बोला."

नामदेव बेजार झाला आणि ओरडला, "किसननं माझा बांध दोन हात कोरला म्हणतो!"

किसन कुठं होता? बाहेर, बाकड्यावर, माझ्या मांडीला मांडी लावून! त्यानं खिडकीतून मान आत घातली. "खोटं लिहू नगा! दोन हात न्हाई, एकच हात कोरलाय!"



पाहुणी म्हणाली, "एक हात अशी दुरुस्ती करू का?"

नामदेव टाळी वाजवून उठला. "कर बाई, कर! आन खाली साक्षीदार म्हणून आप्पाचं नाव टाक!"

बालाजी छाती फुगवून म्हणाला, "बघा, कसं खरं बाहेर आलं!" पण दुसऱ्या दिवसापासून लोक दारातूनच विचारायला लागले, "ताई हायेत का?" ताईंच्या टेबलापुढं रांग, पाहुणीपुढं रिकामी खुर्ची. तरी बालाजी हट्टी! "सवय लागंल लोकांना. एक तारीख म्हणजे एक तारीख." ताईंनी ड्रॉवर आवरायला घेतला. पोरीचा फोटो काढून पर्समध्ये ठेवला, तो मी पाहिला. त्या दिवशी मी कुणाची मस्करी केली नाही. म्हणजे दुपारपर्यंत.

* * *

आणि आता हा शेवटचा.

बालाजीच्या घरी लॅपटॉप आहे. त्यातही पाहुणी. महिना संपायला पाच दिवस राहिले असताना हा पठ्ठ्या जेवताना, बायको मीरा समोर वाढत असताना, लॅपटॉपला विचारतो, "नमस्कार. भाजीत मीठ जास्त झालं तर काय करावं?"

पाहुणीनं पाच उपाय सांगितले!

मीरानं पळी खाली ठेवली. "आता तिलाच विचारा, आन तिच्याच हातचं खा." दुपारच्या एसटीनं ती देवगाव फाट्याला, माहेरी. फोन केला तर उचलेना. शेवटी भावाकरवी निरोप आला, "तोंडानं लय बोलून झालं. काय म्हणायचं ते लिहून द्या."

आता बालाजीचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरल्यासारखं. तीस तारखेला दुकान उघडल्या उघडल्या तो पाहुणीपुढं बसला, आमच्याकडं पाठ केली आणि अगदी हळू म्हणाला, "नमस्कार. माझ्या बायकोला..."

"कृपया थोडे मोठ्याने बोला."

"माझ्या बायकोला एक चिठ्ठी..."

पाहुणी खणखणीत आवाजात म्हणाली, "पत्नीची माफी मागणारे पत्र मी तयार करू का?"

बाकड्यावर आम्ही पाच जण होतो. पाचही माना खिडकीत!

बालाजीचे कान लाल झाले. "चहा प्या रे सगळे! जावा, माझ्याकडनं!" आजवर या माणसानं आम्हाला पाणीसुद्धा स्वतः उठून दिलं नव्हतं! चौघं गेले. मी पायाला मुंग्या आल्या म्हणून बसून राहिलो.

बालाजीनं स्टूल उचललं, प्रज्ञाताईंच्या टेबलापुढं ठेवलं आणि खाली बघत उभा राहिला. उद्या जिला घरी पाठवणार, तिच्यापुढं!

ताई म्हणाल्या, "बसा."

तो बसला. वाकला. कुजबुजला. ताईंची बोटं चालली. मध्येच थांबून त्यांनी काहीतरी विचारलं, बालाजीनं मान हलवली. परत विचारलं, त्यानं कान खाजवला. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यानं रुमाल काढून तोंड पुसलं आणि लांबलचक काहीतरी सांगितलं. मी खिडकीच्या गजात कान अडकेपर्यंत वाकलो. एक अक्षर नाही!

चिठ्ठी पोचवायला मीच. पाकीट डिंकानं बंद. देवगाव फाट्यापर्यंत मी ते एसटीच्या खिडकीत दोनदा उजेडाला धरलं, पण पाकीट जाड होतं.

मीरानं चिठ्ठी उभ्यानं वाचायला घेतली. अर्ध्यात खाली बसली. संपल्यावर परत पहिल्यापासून वाचली.

"आप्पा, हे ह्यांनी लिहिलं?"

"त्यांनीच सांगितलं."

"सांगितलं ते कळायलंय. लिहिलं कुणी?"

मी चहाच्या कपात नाक घातलं. तिनं खुंटीवरची पिशवी घेतली. "चला. पहिलं दुकानात जाऊ."

वाटेत एसटीत तिनं विचारलं आणि मी एक तारखेचं सगळं सांगून टाकलं. माझ्या पोटात काय राहतंय!

आम्ही दुकानात शिरलो. मीराला बघून बालाजी ताडकन उभा राहिला. गडबडीत तोंडातून निघालं, "नमस्कार!"

"बोला, मी काय मदत करू?"

मीरानं पाहुणीकडं पाहिलं नाही, बालाजीकडंही नाही. सरळ ताईंच्या टेबलाशी गेली, स्टूल पुढं ओढलं, वाकली आणि कानात काहीतरी कुजबुजली. ताई आधी हसल्या. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी एकच ओळ टाइप केली. प्रिंटरमधून कागद निघाला. मीरानं तो घडी घालून नवऱ्याच्या हातात दिला.

बालाजीनं वाचला. वर पाहिलं. परत वाचला. घडी घालून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला, वर बटण लावलं.

मग तो टेबलाखाली वाकला, पाहुणीच्या माइकची वायर ओढून काढली, हाताला गुंडाळली आणि म्हणाला,

"ताई, उद्या जरा लवकर या. गर्दी राहील."