तीन दिवे विझेपर्यंत

बर्फाच्या कारखान्यात सगळ्यात गरम काय असतं, सांगा बघू?

पॅनेल रूम! आणि त्या खोलीतल्या माणसांची डोकी.

आगाशीजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात मी बरीच वर्षं फोनवर होते. मॅट्रिक झालेली, आवाज बरा, म्हणून नोकरी मिळाली. ऑफिसात जागा नव्हती, म्हणून माझं टेबल आणि फोन पॅनेल रूममध्ये. तिथे बसून जे पाहिलं ते एव्हाना वितळून जायला हवं होतं. पण भुशात बर्फाच्या लाद्या रचाव्यात तसे हे किस्से एकावर एक रचले गेलेत. वरची लादी उचलली की खालची दिसतेच!

*

पॅनेल सांभाळायचे नाईककाका. राहणारे निर्मळचे, घरची केळीची वाडी, पण जीव सगळा पॅनेलमध्ये. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "ताई, चपला बाहेर. आणि ते तीन दिवे दिसतात ना, ते पेटले की माझ्याशी बोलायचं नाही."

वीज बोर्डाची लाईट गेली की आमचे दोन जनरेटर चालायचे. एकट्याच्याने बर्फ गोठवणारे दोन कॉम्प्रेसर ओढवत नसत, म्हणून दोघांना एकत्र जोडावं लागे. जोडायचं म्हणजे नुसतं हँडल टाकायचं नाही. दोघांची चाल आधी एक व्हावी लागते. ती कळावी म्हणून ते तीन दिवे. चाल वेगळी असली की तिन्ही दिवे एकदम पेटायचे, एकदम विझायचे, पुन्हा पेटायचे. चाल जुळत आली की ही उघडझाप संथ व्हायची. मग तिन्ही पूर्ण विझले, की त्या अंधारातच हँडल टाकायचं. बोर्डाची लाईट परत आली की तिच्याशी जोडतानाही हेच.

"म्हणजे बैलजोडी जुंपण्यासारखंच की काका!" मी म्हटलं.

"बैल चुकला तर लाथ मारतो, ताई. हे चुकलं तर मशीनच पायावरून उखडतं!"

*

हे काम काकांशिवाय कुणालाच जमत नव्हतं. म्हणून काकांना रजा नाही. त्यांच्या थोरल्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी नेमकी लाईट गेली. काका दिवे जुळवून सायकल मारत मांडवात पोचले, तेव्हा अक्षता पडून गेलेल्या. लोक जेवायला बसले होते.

धाकटी वैशाली. तिचं लग्न ठरलं तेव्हा ती डबा द्यायला कारखान्यात आली होती. म्हणाली, "बाबा, अंतरपाट बाजूला होईल तेव्हा मला तुम्ही समोर दिसायला हवेत. नाहीतर मी हार घालणारच नाही!"

काका हसले. ती गेल्यावर मात्र बराच वेळ दिव्यांकडे बघत बसले. दिवे तेव्हा बंद होते.

त्याच दुपारी त्यांनी फेलिक्सला बोलावलं. "आजपासून तू शिकायचं."

*

फेलिक्स आमचा फिटर. तगडा गडी, बर्फाची अख्खी लादी एकटा उचलणारा. पण हँडलजवळ गेला की घाम फुटायचा. दिवे विझायला लागले की तो डोळे मिटून क्रूस काढायचा. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा... तेवढ्यात अंधार निघून जायचा आणि दिवे पुन्हा लख्ख!

असं चार-पाचदा झाल्यावर काका म्हणाले, "फेलिक्स, तुझा देव चोवीस तास जागा असतो ना? मग आधी क्रूस काढून घे आणि नंतर दिव्यांकडे बघ!"

*

त्याच सुमारास एक जनरेटर दुरुस्त होऊन आला. जोडणी करून चालू केला, तर तिन्ही दिवे एकदम पेटेनात. एकामागोमाग एक पळायला लागले. मला फार आवडलं.

"अगं बाई! गणपतीची रोषणाई!"

"कुणी हात लावू नका!" काका किंचाळले. दुरुस्त करणाऱ्यांनी दोन वायरींची अदलाबदल केली होती. तसंच हँडल टाकलं असतं तर आगच!

वायरी सरळ झाल्या, प्रकरण मिटलं. पुढे भाऊशेठांच्या, म्हणजे आमच्या मालकांच्या घरी गणपतीला आम्ही सगळे गेलो. मखरावर दिवे पळत होते. काकांनी नमस्कारसुद्धा केला नाही. दारातूनच विचारलं, "हे कुणी उलटं जोडलंय?"

*

खंडेनवमीला पॅनेलची पूजा असायची. भाऊशेठांच्या बायकोने, वहिनींनी, एकदा मनापासून पूजा केली. तिन्ही दिव्यांवर हळदकुंकवाचा लेप, वर झेंडूची जाड माळ. काका हात धुवायला गेले आणि लाईट गेली. जनरेटर सुरू झाले. भाऊशेठ जवळच होते. त्यांना वाटलं, आपणही जोडून बघू.

"तिन्ही विझलेत! टाकतो!"

काका ओल्या हातांनी धावत आले. हँडलला हात लावता येईना, म्हणून त्यांनी मालकाचं धोतरच मागे ओढलं!

"शेठ, विझलेत म्हणता. पण पेटले कधी होते?"

त्यानंतर फेलिक्सला नियमच पडला. आधी तिन्ही दिवे पेटलेले पाहायचे, मगच विझलेले मानायचे. वहिनींनाही नियम पडला. कुंकू फक्त भिंतीला!

*

बोर्डाचा एक लाइनमन खांबावर चढण्याआधी आमच्याकडे यायचा. लाईट गेली की काका आधी बोर्डाकडचं हँडल खाली करून त्याला कुलूप घालत. नाहीतर आमच्या जनरेटरची वीज उलटी खांबावर जायची आणि वर माणूस असायचा. लाइनमन ते कुलूप दोनदा ओढून बघे आणि मगच चहा घेई.

एकदा फेलिक्सला राग आला. "काय रे, काकांवर विश्वास नाय तुझा?"

"काकांवर हाय रे. पन कुलूप नवीन दिसतंय, त्याची-माझी वळख नाय!"

काकांनी त्याला दुसरा चहा दिला आणि फेलिक्सला म्हणाले, "बघ, असा शिष्य पाहिजे!"

*

लग्नाचा दिवस उजाडला. भाऊशेठांनी काकांना रजा दिली, पण अट घातली. तेव्हा मोबाइल नवीनच आले होते. त्यांनी स्वतःचा मोबाइल काकांच्या खिशात घातला. "मुलीचं लग्न लावा, पण हा चालू ठेवा!"

सकाळीच लाईट गेली. फेलिक्सने दोन जनरेटर एकमेकांशी जोडले. जरा धक्का बसला, खिडकीच्या काचा वाजल्या, पण जमलं. काका निर्मळला मांडवात, मी फोनवर, सगळं ठीक. मग कळलं की डिझेलची गाडी वाटेत बंद पडलीय. टाकी तळाला. जनरेटर थांबले की कॉम्प्रेसर थांबणार, आणि अर्नाळ्याच्या बोटी बर्फासाठी खोळंबलेल्या.

तेवढ्यात बोर्डाची लाईट आली! आता कॉम्प्रेसर बंद न पाडता तिच्याशी जोडायचं होतं.

"ताई, काकांना लावा फोन," फेलिक्स म्हणाला.

"अरे, मंगलाष्टकं चालू असतील! त्यांना तिथून हलवायचं नाही हं."

"हलवत नाय हो. नुसते कानात राहू देत. सकाळसारखा धक्का बोर्डाला दिला तर संपलंच!"

मी नंबर फिरवला आणि रिसीव्हर दोघांच्या कानांमध्ये धरला. तिकडून भटजींचा सूर, आणि त्याच्याखाली काकांची कुजबुज.

"दिवे कसे आहेत?"

"पेटतायत, विझतायत. लय जोरात!"

"जनरेटरची चाल कमी कर. अगदी किंचित."

"आता हळू झाले काका... पेटले... विझतायत..."

"ही वेळ सोडून दे. पुढची घे."

"पेटले... तिन्ही पेटले... विझतायत... काका, विझले!"

"आता!" काका एवढ्या जोरात ओरडले की मी रिसीव्हर कानापासून लांब केला.

फेलिक्सने हँडल टाकलं. काचसुद्धा वाजली नाही. कॉम्प्रेसर आपला घुमतच राहिला. रिसीव्हरमधून मात्र एकदम बँड वाजायला लागला!

मांडवात काय झालं ते संध्याकाळी कळलं. वधूपित्याचा हुकूम ऐकून अंतरपाट धरणाऱ्या दोघांनी तो बाजूला केला होता. अक्षता उडाल्या, बँडवाल्यांनी सुरुवात केली. समोर कानाला मोबाइल लावून उभे असलेले बाबा दिसले आणि वैशालीने हार घातला. भटजींचं शेवटचं मंगलाष्टक तोंडातच राहिलं.

"अहो नाईक, मुहूर्ताला अजून अवकाश होता!"

"धक्का बसला का कुणाला?" काकांनी विचारलं. "नाही ना? मग मुहूर्त बरोबर!"

दुसऱ्या दिवशी सकाळी वैशाली आणि तिचा नवरा आधी आमच्या पॅनेल रूममध्ये आले, आणि मग आगाशीच्या देवळात गेले.